दोन सखल देश

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेंत "पुढील दोन देशांची तुलना करा" असा एक प्रश्न वर्षानुवर्षें येत असतो, आणि तो आला कीं बहुतेक विद्यार्थी पानाच्या मध्यभागीं एक उभी रेघ ओढतात. डावीकडे एक देश, उजवीकडे दुसरा. क्षेत्रफळ, लोकसंख्या, हवामान, पिकें, धंदे असे मुद्दे एकाखालीं एक मांडले कीं आपलें काम झालें असें त्यांस वाटतें. तपासणारासही तें सोयीचें पडतें, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या एका हुशार विद्यार्थ्यानें नेदरलंड्स व बांगलादेश यांची अशीच तुलना केली, आणि अखेरीस एक वाक्य आपल्या पदरचें घातलें : "हॉलंडचे लोक उद्योगी असल्यामुळें त्यांनीं समुद्रास हटविलें, बांगलादेशचे लोक आळशी असल्यामुळें तेथें दरवर्षीं पूर येतो." वाक्यरचना निर्दोष होती. आम्हीं त्यास दहापैकीं आठ गुण दिले.

ते आठ गुण आम्हांस अजून सलतात. कारण पुढें विचार करतां असें ध्यानांत आलें कीं, तें वाक्य त्या मुलाच्या पदरचें नव्हतेंच. तें आमच्याच तोंडचें होतें. वर्गांत हॉलंडचा धडा शिकवितांना बांधाच्या भोकांत बोट घालून रात्रभर बसणाऱ्या मुलाची गोष्ट आम्हीं मोठ्या रसानें सांगितली होती. बांगलादेशाच्या धड्याला मात्र उरलीं होतीं तासाचीं शेवटचीं दहा मिनिटें, आणि त्यांत पूर, वादळ, ताग व दारिद्र्य एवढे चार शब्द फळ्यावर लिहून आम्हीं घंटेची वाट पाहिली होती. ऐकणाऱ्यानें त्यांतून दुसरा कोणता निष्कर्ष काढावा ? म्हणून हा लेख एका अर्थीं त्या तासाची भरपाई आहे.

तेव्हां त्या गोष्टीपासूनच आरंभ करूं. बोट घालणाऱ्या मुलाची गोष्ट डच लोकांची नव्हे. ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीमुळें जगभर पसरली; पुढें परदेशी प्रवासी येऊन "तो मुलगा कोठला ?" असें विचारूं लागले, तेव्हां १९५० सालीं डच लोकांनीं स्पार्नडाम या गांवीं त्याचा एक पुतळा उभारून टाकला. मातीचा बांध बोटाएवढ्या भोकानें सहसा फुटत नाहीं. पाणी वरून ओसंडतें, आंतील उतार भिजून मऊ होतो, आणि मग बांध पाठीकडून ढासळतो. १९५३ सालच्या ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी यांच्या मधल्या रात्रीं नैर्ऋत्य नेदरलंड्समध्यें असेंच घडलें. उत्तर समुद्रावरील वायव्येचें वादळ आणि भरतीचें उधाण हीं एका वेळीं आलीं, बांध शेकडों ठिकाणीं फुटले, व १,८३६ माणसें मेलीं. त्या रात्रीं रॉटरडॅमच्या ईशान्येस हॉलंड्स आयसेल नदीच्या बांधास खिंडार पडलें, तेव्हां आरी एव्हेग्रून नांवाच्या नावाड्यानें आपलें मालवाहू गलबतच त्या खिंडारांत आडवें घातलें. गलबत फळीसारखें बसलें आणि मागील सखल प्रदेशांतील लक्षावधि लोक वांचले. खरी गोष्ट हाताशीं असतांना आम्ही इतकीं वर्षें कल्पित गोष्ट कां सांगत आलों, हें आम्हांसच सांगतां येत नाहीं.

आतां दोन्ही देशांत सारखें काय आहे तें पाहूं. दोन्ही देश मोठ्या नद्यांच्या मुखाशीं गाळानें बनलेले आहेत. ऱ्हाईन, मास व शेल्ड या नद्यांच्या मुखाशीं नेदरलंड्स. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या मुखाशीं बांगलादेश. बांगलादेशांत गंगेस पद्मा व ब्रह्मपुत्रेच्या मुख्य प्रवाहास जमुना म्हणतात. दोन्ही देश सपाट, दोन्ही सुपीक, दोहोंतही दाट वस्ती. नेदरलंड्सचें क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सुमारे सातवा हिस्सा. त्यांत सुमारे १ कोटि ८० लक्ष लोक राहतात. बांगलादेशाचें क्षेत्रफळ सुमारे १,४७,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित् कमी. आणि त्यांत सुमारे १७ कोटि लोक! युरोपांत नेदरलंड्स गर्दीचा देश गणला जातो, परंतु बांगलादेशांत चौरस किलोमीटरमागें त्याच्या दुपटीहून अधिक माणसें आहेत.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. समुद्रसपाटीच्या खालीं असलेला देश नेदरलंड्स होय, बांगलादेश नव्हे. नेदरलंड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखालीं आहे, व अत्यंत सखल जागा पावणेसात मीटर खालीं आहे. ॲम्स्टरडॅमजवळचा स्किपोल विमानतळ एका आटविलेल्या सरोवराच्या तळावर आहे; विमान तेथें उतरतें तें एके काळीं जेथें जहाजें चालत त्याच्याही खालीं. या खोलगटपणास निसर्गाइतकींच माणसेंही कारण झालीं. मध्ययुगांत तेथील शेतकऱ्यांनीं दलदलीचें पाणी चर खणून काढून दिलें. पाणी निघतांच ती कुजक्या वनस्पतींची भुसभुशीत माती वाळली आणि खचूं लागली. तीच माती जळणासाठीं खणून विकली, तेव्हां खड्डे पडले, खड्ड्यांचीं तळीं झालीं, आणि वादळाबरोबर तळीं कांठ खात वाढत गेलीं. ज्या सरोवराच्या तळावर विमानतळ आहे त्या हार्लेमच्या सरोवराचें पाणी १८३६ सालच्या वादळांत ॲम्स्टरडॅम व लायडेन या शहरांच्या वेशीपर्यंत आलें. शेवटीं वाफेच्या तीन प्रचंड पंपांनीं १८४९ ते १८५२ या काळांत तें उपसून काढलें. म्हणजे ज्या संकटाशीं डच लोक झगडले त्याचा मोठा भाग त्यांच्या पूर्वजांनींच ओढवून घेतला होता. "उद्योगी" हा शब्द येथेंही लागू पडतो. पण आमच्या विद्यार्थ्यानें योजिला त्या अर्थानें नव्हे.

त्यांचें खरें श्रेय निराळेंच आहे. तेराव्या शतकापासून तेथें पाणी-मंडळें आहेत. बांध, कालवे व उघाड्या यांची देखरेख करावयाची, त्यासाठीं कर बसवावयाचा व आपले कारभारी आपणच निवडावयाचे, असा या मंडळांचा अधिकार. आज तीं एकवीस उरलीं आहेत. त्यांची निवडणूक अजून स्वतंत्र होते. जुन्या काळीं प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठराविक तुकडा असे. तो तुकडा राखणें ज्यास झेपत नसे त्यानें आपली कुदळ बांधावर रोवून निघून जावें, आणि जो ती कुदळ उपटील त्याची ती जमीन व तो बांध, असा कडक कायदा होता. कोंकणांतील व गोव्यांतील आमच्या वाचकांस हें सर्वथा परकें वाटणार नाहीं. खारभूमीचा बांध, भरतीचें पाणी अडविणारी व ओहोटीस उघडणारी उघाडी, गोव्यांतील खाजणें व त्यांचे मानस, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या गांवकऱ्या, हें सर्व त्याच जातीचें शहाणपण होय. एकाची उघाडी फुटली तर शेजाऱ्याचें भात कुजतें; म्हणून शेजाऱ्याशीं बोलणें टाकून चालत नाहीं.

या पायावर पुढें मोठीं कामें झालीं. कॉर्नेलिस लेली या इंजिनिअरनें १८९१ सालीं झाउडर झे नांवाचा अखात बंद करण्याची योजना मांडली. १९१६ सालच्या पुरानंतर ती सरकारनें उचलली, व १९३२ सालीं ३२ किलोमीटर लांबीच्या बांधानें अखाताचें तोंड मिटलें. लेली हा त्याच्या तीन वर्षें आधींच वारला होता. १९५३ सालच्या प्रलयानंतर "डेल्टा योजना" हातीं घेतली गेली. तिच्यांत ऑस्टर शेल्ड या खाडीचें तोंड कायमचें बुजवावें असें ठरलें होतें. पण कालवांवर पोट असणारे कोळी व निसर्गप्रेमी लोक यांनीं आरडाओरड केली. तेव्हां सरकारनें विचार बदलून तेथें ६२ पोलादी दरवाजे बसविले. ते एरवीं उघडे असतात, वादळ आलें म्हणजे बंद करतात. १९८६ सालीं हें काम पुरें झालें. खर्च पुष्कळ वाढला. ज्यांस हा खर्च परवडतो त्यांसच असें मत बदलतां येतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचा उपयोग आहे.

आतां बांगलादेशाकडे वळूं. तेथील नद्यांतून सरासरी वाहणारें पाणी ऱ्हाईनच्या दहापटीहून अधिक, आणि तेंही पावसाळ्याच्या चार महिन्यांत बहुतेक सगळें. दरवर्षीं सुमारे शंभर कोटि टन गाळ त्या नद्या आणतात. त्यांच्या पाणलोटाचा नऊ-दशांशाहून अधिक प्रदेश देशाच्या सीमेबाहेर, भारत, नेपाळ, भूतान व चीन या देशांत आहे. म्हणजे पाऊस पडतो एकाच्या घरीं व पागोळ्या गळतात दुसऱ्याच्या अंगणांत. साधारण वर्षीं देशाचा सुमारे पांचवा हिस्सा पाण्याखालीं जातो. १९९८ सालीं सुमारे दोन-तृतीयांश देश दोन महिन्यांहून अधिक काळ बुडाला होता. तथापि तेथील शेतकऱ्याच्या भाषेंत या दोहोंस एक शब्द नाहीं. नेमानें येणाऱ्या, गाळ व मासे आणणाऱ्या पाण्यास तो "बर्षा" म्हणतो. घरदार नेणाऱ्यास "बन्या" म्हणतो. पहिलें न आलें तर तो दुःखी होतो. त्याच्यापाशीं भाताची अशी एक जात आहे कीं, पाणी चढेल तसा तिचा देंठ दिवसाला वीतभरही वाढतो, आणि कणसें पाण्यावर तरंगत राहतात; कापणी होडींतून होते. जलपर्णीचे तराफे करून त्यांवर भाजीपाला लावण्याची चालही दक्षिणेकडील जिल्ह्यांत जुनी आहे. हें आळशी माणसाचें लक्षण नव्हे.

पाण्यास सर्वथा न अडवितां त्याच्याशीं वागण्याची ही रीत किनाऱ्यावरही होती. जमीनदारांच्या अमदानींत तेथें "अष्टमासी" बांध घालीत. हा बांध आठ महिने खारें पाणी बाहेर ठेवी. पावसाळ्यांत नदी गोडी झाली कीं पाणी आंत येई, गाळ टाकून जाई, आणि जमीन वर्षास थोडथोडी उंच होई. पुढें १९६० नंतरच्या दशकांत, तो प्रदेश पूर्व पाकिस्तान असतांना, परदेशी द्रव्यानें व परदेशी इंजिनिअरांच्या सल्ल्यानें किनाऱ्यास कायमचे उंच बांध घालण्यांत आले. त्या सल्लागारांत डचही होते, आणि बांधानें वेढलेल्या जमिनीस "पोल्डर" हा त्यांचा शब्द बंगाली शेतकऱ्याच्या तोंडीं जो बसला तो कायमचाच. आज तेथें १३९ पोल्डर आहेत. त्यांना नांवें नाहींत, आंकडे आहेत.

पहिलीं दहा-पंधरा वर्षें पिकें उत्तम आलीं. मग विपरीत घडूं लागलें. गाळ जमिनीवर यावयाचा तो बांधामुळें बाहेरच अडला व नदीच्या पात्रांत बसला. पात्र उंच झालें, शेत होतें तेथेंच राहिलें, किंबहुना थोडें खचलें. उघाडींतून पाणी बाहेर पडेना. पावसाचें पाणी आंत तुंबून वर्षभर राहूं लागलें. खुलना जिल्ह्यांतील डाकातिया नांवाच्या बिलांत (बिल म्हणजे मोठें दलदलीचें तळें) हजारों कुटुंबांची शेतें अशीं बुडालीं. अर्ज-विनंत्या होऊनही कांहीं होईना, तेव्हां १९९० सालीं लोकांनीं जमून सरकारी बांध स्वतः फोडला. १९९७ सालीं भायना बिलांतही लोकांनीं तेंच केलें. भरतीचें पाणी आंत आलें, गाळ बसला, पात्र खोल झालें, आणि चार वर्षांत बिलाचा तळ इतका उंचावला कीं तेथें पुनः शेती होऊं लागली. इंजिनिअरांनीं मग या उपायास एक भारदस्त इंग्रजी नांव दिलें व तो सरकारी योजनेंत घेतला. परंतु शोध कोणाचा ? ज्यांनीं कुदळी घेऊन कायदा मोडला त्यांचा; आणि त्यांस तो आजोबांच्या अष्टमासी बांधावरून सुचला होता.

आम्ही डच इंजिनिअरांस दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. ऱ्हाईनमध्यें एवढा गाळ नाहीं. त्यांच्या देशांत जें बरोबर होतें तें येथें चुकलें, इतकेंच. आणि ते शिकलेही. १९९५ सालीं पूर येईल या भीतीनें नेदरलंड्समध्यें नदीकांठच्या सुमारे अडीच लक्ष लोकांना घरें सोडावीं लागलीं, तेव्हांपासून तेथेंही नुसते बांध उंच करीत बसण्याऐवजीं कांहीं ठिकाणीं बांध मागें घेऊन नदीला जागा देण्याचें धोरण आलें. २०१८ सालीं बांगलादेशानें शंभर वर्षांच्या दृष्टीनें जी डेल्टा योजना मंजूर केली ती डच तज्ज्ञांच्या सहाय्यानें तयार झाली. या वेळीं गुरु कोण व शिष्य कोण हें पूर्वीइतकें स्पष्ट नव्हतें.

वादळांचा हिशेब मात्र भयंकर आहे. १९७० सालच्या १२ नोव्हेंबरच्या रात्रीं मेघनेच्या मुखावर आलेल्या चक्रीवादळांत तीन ते पांच लक्ष माणसें मेलीं असावींत. नक्की संख्या कोणासच कळली नाहीं. नेदरलंड्समध्यें १,८३६ हा आंकडा शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला आहे; येथें लाखांचीच चूकभूल. दोन देशांतील भेद दाखविणारा याहून बोलका मुद्दा आम्हांस ठाऊक नाहीं. १९९१ सालीं पुनः सुमारे १ लक्ष ३८ हजार माणसें मेलीं, आणि त्यांत पुरुषांपेक्षां बायका अधिक होत्या. घर व मुलें सोडून परवानगीवांचून बाहेर कसें पडावें या विचारांत त्यांचा वेळ गेला, आणि अंगावरील साडीनें त्यांस पोहूं दिलें नाहीं. पुढें गांवोगांवचे स्वयंसेवक निशाणें व कर्णे घेऊन घरोघर सूचना देऊं लागले. त्यांत बायकाही मोठ्या संख्येनें आल्या. उंच खांबांवर पक्के निवारे बांधले गेले. २००७ सालीं "सिद्र" हें तितकेंच उग्र वादळ आलें तेव्हां मृतांची संख्या तीन-साडेतीन हजारांच्या आंत राहिली. ही संख्याही लहान नव्हे. तथापि १९७० शीं ताडून पाहा. विद्यार्थ्यांनीं आणखी एक लक्षांत घ्यावें कीं, त्या निवाऱ्यांपैकीं पुष्कळ इमारतींत एरवीं शाळा भरते.

आतां संपत्ति. माणशीं वार्षिक उत्पन्न नेदरलंड्सचें सुमारे साठ हजार डॉलरांच्या वर, बांगलादेशाचें सुमारे अडीच हजार. हें अंतर एका पिढींत पडलेलें नाहीं. सतराव्या शतकांत बंगालचा प्रांत रेशीम, मलमल व सोरा यांसाठीं जगांत प्रसिद्ध होता, आणि १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीनें हुगळी नदीवर चिंचुरा येथें वखार घातली ती हा माल विकत घेण्यासाठीं. याच कंपनीच्या वेंगुर्ल्याच्या वखारीचे अवशेष आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं सहलींत पाहिले असतील. पुढें १८३० पासून जावा बेटांतील शेतकऱ्यांकडून सक्तीनें ऊंस, कॉफी व नीळ लावून घेतली गेली, आणि एका काळीं डच सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा तेथून येत असे. बंगालवर पुढें इंग्रजांचें राज्य आलें. मलमलीचा धंदा बुडाला. १९४३ च्या दुष्काळांत वीस ते तीस लक्ष माणसें मेलीं. १९७१ सालीं युद्धांतून बांगलादेश जन्मास आला तेव्हां रस्ते, पूल व तिजोरी सारेंच मोडलेलें होतें. भूक ही पूर्वेचीच मिरास आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं अन्न अडविल्यामुळें डच शहरांतही सुमारे वीस हजार माणसें उपासमारीनें मेलीं, व लोकांनीं ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले.

आज डच लोक चिमुकल्या भूमींतून फार मोठ्या किंमतीचा शेतमाल परदेशीं पाठवितात. भाज्या कांचेच्या घरांत पिकतात, आणि रॉटरडॅम हें युरोपांतील सर्वांत मोठें बंदर आहे. बांगलादेशाच्या निर्यातींत चार-पंचमांशाहून अधिक भाग तयार कपड्यांचा. सुमारे चाळीस लक्ष मजूर, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, हें काम करतात. खेड्यांतील मुलीच्या हातीं स्वतःचा पगार आला तो या धंद्यामुळें. परंतु २०१३ सालच्या २४ एप्रिल रोजीं ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली व अकराशेंहून अधिक मजूर मेले, हेंही त्याच धंद्यानें झालें. आदल्या दिवशीं भिंतींस तडे दिसले होते. तळमजल्यावरील पेढी व दुकानें बंद ठेवण्यांत आलीं. वरच्या मजल्यांवरील शिवणकाम करणाऱ्यांस मात्र दुसऱ्या दिवशीं आंत घालविण्यांत आलें. ते कपडे युरोपांतील दुकानांत जावयाचे होते. शर्टाच्या आंतल्या बाजूस देशाचें नांव शिवलेली बारीक चिंधी असते. ती वाचण्याची संवय आम्हांस त्या दिवसापासून लागली.

समाजाच्या बाबतींत आंकड्यांचा प्रवाह थोडा निराळा वाहतो. डच माणसाचें सरासरी आयुष्य सुमारे ८२ वर्षें, बांगलादेशीयाचें सुमारे ७३. उत्पन्नांत वीसपटीहून अधिक अंतर, आणि आयुष्यांत नऊ वर्षांचें ! हें कसें झालें ? १९७० च्या सुमारास तेथें हजार मुलांपैकीं दोनशेंहून अधिक मुलें पांच वर्षांच्या आंत दगावत. आज सुमारे तीस. यांत मोठा वांटा एका अत्यंत स्वस्त औषधाचा आहे. अतिसारानें शरीरांतील पाणी जाऊन मूल मरतें. तें पाणी मीठ व साखर घालून तोंडावाटे परत देतां येतें, हें ढाका येथील पटकीच्या संशोधनशाळेंत १९६८ च्या सुमारास सिद्ध झालें. पण पुड्या विकत घेणार कोण ? तेव्हां "ब्रॅक" या संस्थेनें १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे सव्वा कोटि घरीं बायका पाठवून मातांस शिकविलें : तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ व अर्धा शेर पाणी. आणि शिकविणारणींचा पगार कसा ठरे ? कांहीं दिवसांनीं दुसरा मनुष्य जाऊन मातेची परीक्षा घेई. तिला जितकें आठवत असेल व तिनें केलेलें पाणी जितकें बरोबर असेल, तितके पैसे शिकविणारणीस मिळत. हा नियम आमच्या धंद्यास लावला तर किती शिक्षकांच्या घरीं चूल पेटेल, असा विचार आमच्या मनांत येऊन गेला. तो आम्हीं शिक्षकांच्या खोलींत बोलून दाखविला नाहीं.

मुलींच्या शिक्षणासाठींही तेथील सरकारनें १९९४ पासून खेड्यांतील माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींस वेतन सुरू केलें, आणि आज माध्यमिक वर्गांत मुलांपेक्षां मुली अधिक आहेत. तरी अठरा वर्षें भरण्यापूर्वींच सुमारे निम्म्या मुलींचीं लग्नें होतात, हीही तितकीच खरी गोष्ट. दोन्ही एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. रेघ ओढलेल्या कागदावर तें मांडतां येत नाहीं, हीच तर अडचण.

निसर्गाच्या बाबतींत दोघेही निश्चिंत नाहींत. जंतूंपासून वांचावें म्हणून बांगलादेशांत लाखों कूपनलिका खणल्या, आणि पुढें कळलें कीं पुष्कळांच्या पाण्यांत सोमल आहे. किनाऱ्यावर कोळंबीच्या शेतीसाठीं खारें पाणी मुद्दाम आंत घेतात, तें शेजाऱ्याच्या भातांत शिरतें. २००९ सालच्या "आयला" वादळांत फुटलेल्या बांधांमुळें कांहीं गांवें दोन-दोन वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिलीं. तेथून उठलेला मनुष्य ढाक्यास जातो व सायकल-रिक्षा ओढतो. इकडे नेदरलंड्समध्यें गुरें व डुकरें इतकीं झालीं आहेत कीं, त्यांच्या शेणामुतांतील नत्रानें रानें व तळीं बिघडलीं. २०१९ सालीं तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें सरकारचें धोरण बेकायदा ठरविलें, आणि शेतकरी हजारों ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर चालून गेले. उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतांत जमिनीखालचा वायु काढून देश श्रीमंत झाला, पण घरांखालीं धरणीकंप होऊं लागले. शेवटीं २०२३ सालीं तें काम बंद करावें लागलें.

आणि आतां दोघांच्याही दाराशीं एकच पाहुणा येऊन उभा आहे. कोळसा, तेल व वायु जाळल्यानें हवा तापते, बर्फ वितळतें, पाणी फुगतें व समुद्र चढतो. या जाळण्यांत एका डच माणसाचा वांटा एका बांगलादेशीयाच्या सुमारे दहापट आहे. परंतु चढलेलें पाणी वांटणी पाहून चढत नाहीं. रॉटरडॅमच्या मुखाशीं १९९७ सालीं बसविलेल्या फिरत्या दरवाजाची एकेक झडप २१० मीटर लांब आहे. पाणी वाढलें कीं यंत्र आपोआप ती मिटतें. मेघनेच्या मुखास असा दरवाजा बसवितां येणार नाहीं; नदी मैलोगणती रुंद आहे, आणि आज जेथें कांठ आहे तेथें पांच वर्षांनीं तो असेलच असें नाहीं. तेथें एकीकडे गांव नदींत जातें व दुसरीकडे नवें "चर", म्हणजे गाळाचें बेट, वर येतें. एकाच माणसानें आयुष्यांत सहा-सात वेळां घर हलविल्याचीं उदाहरणें तेथें विरळा नाहींत. प्रत्येक वेळीं तो पत्रे, खांब व दाराची चौकट होडींत घालून नेतो. झाडें तेवढीं मागें राहतात.

तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे व नोकरीस आहे. त्याचा धाकटा भाऊ यंदा आमच्याच वर्गांत बसतो. त्याच्या वहींतही मध्यभागीं रेघ आम्हीं पाहिली. सहामाही परीक्षेंत हाच प्रश्न घालण्याचा आमचा विचार आहे, आणि तो येथें आगाऊ छापून टाकण्यास हरकत वाटत नाहीं : "नेदरलंड्स व बांगलादेश यांनीं पाण्याविषयीं एकमेकांपासून काय घेतलें, व काय घ्यावयास नको होतें ? रेघ न ओढतां लिहा." गुण दहा.